वाकळीच्या काठावरची ओळ

वनू,

परवा तुझ्या नांदेडच्या खोलीवर गेलो. घरमालक म्हणाले होते, "सर, घाई न्हाई, म्हैनाभर राहू द्या की सामान." पण मला घाई होती. तुझे विद्यार्थी पुस्तकं न्यायला यायच्या आत मला तुझ्या कपाटातून एक कागद काढून घ्यायचा होता. जुना, फुलस्केप, माझ्या लाल पेनानं उभा-आडवा कापलेला. तो कुणाच्या हाती लागू नये म्हणून लातूरहून सकाळची पहिली एसटी धरली. सख्ख्या बहिणीच्या खोलीत चोरासारखा गेलो म्हण.

तुला जाऊन अठरा दिवस झाले. या अठरा दिवसांत जो येतो तो माझंच कौतुक करून जातो. "बापाच्या माघारी भावानं शिकवलं बगा." "सोता क्लासमधी राबले, पण बहिणीला मुंबईला धाडलं." चहा घेतात, माझ्या पाठीवर हात ठेवतात आणि जातात. मी मान खाली घालून बसतो. लोकांना ते दुःख वाटतं. तू असतीस तर कोपऱ्यातून माझ्याकडे बघत ओठ दाबून हसली असतीस. माझी मान कशानं खाली जाते ते तुला बरोबर कळायचं.

सुरुवातीपासूनच सांगतो. तुझ्याशी बोलताना मी कधी काही सुरुवातीपासून सांगितलं नाही. मुद्द्याचं बोल, मुद्द्याचं बोल, हेच तुला आयुष्यभर ऐकवलं.

भूकंपानंतर शाळेच्या पटांगणात मदतीच्या कपड्यांचा ढीग पडला होता, आठवतो? कुठून कुठून ट्रक यायचे. कोट, विजारी, साहेबी झगे, लेकरांची लोकरीची टोपरी. आपल्या गावात ते कुणी अंगाला लावलं नाही. आपली माय तर म्हणाली होती, "दुसऱ्याचं उतरलेलं घालायची येळ आली न्हाई अजून." घर गेलं होतं, बापू गेले होते, पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो, पण तेवढा ताठा शिल्लक होता. मग बाया त्या ढिगातलं सुती तेवढं निवडून आणायच्या आणि वाकळा शिवायच्या. वाकळ अंगावर घ्यायला कमीपणा नव्हता, कारण ती आपल्या हातानं शिवलेली. त्या थंडीत सगळ्या गावाच्या अंगावर जगभरचे कपडे होते, फक्त चौकोन कापून.

मायला त्या ढिगात एक कोरं कापड सापडलं. लाल जमीन, काळा रुंद काठ, मधोमध काजूच्या आकाराची मोठी नक्षी, आणि खालच्या अंगाला एका चौकटीत छापलेली एक ओळ. अक्षरं इंग्रजी. तू चौथीत होतीस. ते कापड माझ्यापुढं धरून विचारलंस, "दादा, काय लिव्हलंय रे?"

मी दहावीत होतो आणि तालुक्यात इंग्रजीला पहिला होतो. अक्षरं सगळी ओळखीची होती, शब्द एकही नव्हता. शेजारच्या चार शेडमधल्या बाया सुया थांबवून माझ्याकडे बघत होत्या. माय बघत होती. "मला येत नाही" एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी मी घसा साफ केला आणि मोठ्यांदा वाचल्यासारखं केलं, "हे कापड ज्या घरी जाईल त्या घराला पुन्हा सुखाचे दिवस येवोत, असं लिहिलंय."

बायांनी कापडाला हात लावून डोक्याला लावला. बापू गेल्यापासून माय कामापुरतीच बोलत होती. ती म्हणाली, "कुणाचं गं बाई येवढं मन." आणि रडली, पहिल्यांदाच. त्या खोट्यापुरतं मला आजही कधीकधी माफ करावंसं वाटतं. पण माझं तिथं भागलं नाही ना. एकदा न येणारं उत्तर खपलं की पोरगं धीट होतं, हे मी पुढं वर्गात हजार वेळा पाहिलं. स्वतःत मात्र पाहिलं नाही.

वाकळ शिवताना माय ते कापड आतल्या थराला घालणार होती. तू अडून बसलीस. "ती ओळ आत नको घालू माय. वाचता आली पायजे." मायनं ओळीचा पट्टा कापून वाकळीच्या काठाला लावला, बाहेरच्या अंगानं. तू झोपताना तो काठ तोंडाशी घ्यायचीस आणि बोटानं एकेक अक्षर गिरवायचीस.

मग मी लातूरला आलो. आधी वसतिगृह, मग कॉलेज, मग शिकवण्या. तू नव्या गावठाणातल्या शाळेत नववीत असताना एकदा दुपारच्या बसनं एकटीच माझ्याकडे आलीस. पिशवीत डिक्शनरी होती आणि एका कागदावर ती ओळ जशीच्या तशी उतरवलेली.

"दादा, यातला एकबी शब्द ह्याच्यात न्हाई."

"जुनी इंग्रजी असेल ती," मी म्हणालो.

"बरं," म्हणालीस आणि डिक्शनरी पिशवीत टाकलीस. मी तुला खानावळीत जेवायला नेलं आणि त्यावर पडदा पडला असं समजलो. तू मात्र तो कागद इतिहासाच्या बाईंना दाखवलास, बाईंनी कुणा ओळखीच्यांना पत्र लिहिलं, पत्राचं उत्तर यायला पाच महिने लागले. इंग्रजी नव्हतीच ती. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची भाषा, स्वाहिली. तिकडच्या बायका असली कापडं नेसतात आणि प्रत्येक कापडावर एक ओळ असते, म्हणजे कापड बोलतं, हे सगळं तू मला दिवाळीत एका दमात सांगितलंस. शेवटी म्हणालीस, "आता इचार की, काय लिव्हलंय."

मी म्हणालो, "थांब गं, पेपर तपासायचेत."

त्यानंतर तू किती वेळा म्हणालीस, "इचार की." आधी हट्टानं, मग चिडवत, मग नुसतं हसून. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर शेडमध्ये मी खोटं बोललो हे कबूल झालं असतं. माय असेपर्यंत ते तसंच राहू द्यावं, असं स्वतःला सांगत होतो. माय जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

तू इतिहास घेतलास तेव्हा मी डोक्याला हात लावला. बी.ए. झाल्यावर आफ्रिकेचा अभ्यास करायला मुंबईला जाते म्हणालीस तेव्हा तर मी ओरडलोच. लातुरात तेव्हा गल्लीगल्लीत क्लास उघडत होते. रेणापूर, चाकूर, देवणीहून लोक लेकरं आणून घालत होते, प्रत्येकाला डॉक्टर व्हायचं होतं, खोल्यांची भाडी दर जूनला चढत होती, आणि मी भौतिकशास्त्राच्या तीन बॅचला शिकवत होतो. माझी बहीण आफ्रिका शिकते हे स्टाफरूममध्ये सांगायची मला चोरी झाली. "भूगोलात एम.ए. करते," असं मी सांगायचो. हे तुला माहीत नसेल. असेलही.

तुझ्यामागं कुणी नव्हतं, मीही नव्हतो. जी काय धडपड केलीस ती तुझी तू. तुझी ती शिष्यवृत्त्यांची वही परवा पुन्हा हातात घेतली. कोण देतं, कशासाठी देतं, वयाची अट काय, आणि शेवटचा रकाना, "जायचं भाडं देतात का?" त्या रकान्यात बहुतेक ठिकाणी "न्हाई" लिहिलंय. शाळेत शुद्ध लिहिणारी तू, तिथं मात्र रागानं "न्हाई" असंच लिहायचीस. सगळ्या परदेशी शिष्यवृत्त्या इंजिनिअरांना. त्याही इंग्लंड-अमेरिकेच्या. आफ्रिकेला जाण्यासाठी कुणी पैसे का मागेल हे खिडकीवरच्या बाबूंना कळायचंच नाही. एकानं तुला विचारलं होतं, "तिकडं नोकरी लागली का मालकाला?" रहिवासी दाखल्याची तर निराळीच तऱ्हा. जन्म जुन्या गावातला, रेशनकार्ड नव्या गावठाणातलं, तलाठी म्हणायचे, "जुनं गाव आता हायच कुठं?" तू म्हणायचीस, "मंग मी जन्मलेच न्हाई का?" हे सांगताना पोट धरून हसायचीस. मी हसायचो नाही, घड्याळ बघायचो.

आणि तरी तू जमवलंस. एम.ए. झाल्यावर तिकडच्या किनाऱ्यावरच्या एका विद्यापीठानं वर्षभराच्या अभ्यासासाठी तुला घेतलं. फी माफ. राहण्याची सोय त्यांच्याच वसतिगृहात. राहिलं फक्त जाण्यायेण्याचं भाडं, आणि ते कुणीतरी संस्था देते असं पत्र कागदांना जोडायचं होतं. भावानं दिलेलं चालत नव्हतं. त्या नियमाच्या आड मी किती निवांत झालो होतो, आता आठवलं तरी कसंतरी होतं. त्याच वर्षी मी प्लॉट घेतला होता.

पुण्याच्या एका संस्थेच्या जाहिरातीचं कात्रण तुला मिळालं. भाडं देत होते. अट एकच, वय पंचविशीच्या आत. तुझ्याकडे ते वर्ष आणि पुढचं एक, अशा दोन संधी होत्या. अर्जासोबत दोन पानी निबंध हवा होता: हा विषय का निवडला? नंतर मुलाखत.

तू निबंध लिहून माझ्याकडे आणलास. "दादा, इंग्रजी तेवढी बघ." इंग्रजी तेवढी बघायला सांगितली होती, वनू. फक्त इंग्रजी.

पहिलंच वाक्य होतं, माझ्या भावानं मला एका ओळीचा खोटा अर्थ सांगितला, आणि खरा अर्थ शोधत मी इथवर आले. मग ते शेड, तो ढीग, वाकळा, माय, सुया थांबवून बघणाऱ्या बाया. मी कसा घसा साफ केला तेसुद्धा. पुढं तू लिहिलं होतंस की खोटा असला तरी त्या अर्थानं माझी आई रडू शकली, म्हणून ओळीचा अर्थ ओळीत किती असतो आणि वाचणाऱ्यात किती, हे मला तिथल्या बायकांना विचारायचं आहे.

आज कळतं काय लिहिलं होतंस ते. तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं, की पुण्यातली पाच शिकलेली माणसं हे वाचतील आणि त्यात मी खोटारडा आहे. लाल पेन काढलं आणि पहिल्या ओळीपासून रेघ मारत सुटलो. समासात लिहिलं, "अनावश्यक." दुसऱ्या पानावर, "विषयाशी संबंध नाही." आणि मग बारावीच्या पोरांना देतो तसं आदर्श उत्तर लिहून दिलं. प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप. भारत आणि आफ्रिका यांचे प्राचीन सागरी संबंध, वाढता व्यापार, दोन्हींपुढील समान आव्हानं. माझ्या प्रत्येक बॅचची पोरं असलीच उत्तरं घोकून पैकीच्या पैकी आणत होती. माझी तीच ख्याती होती.

"दादा, हे माझं न्हाई," तू म्हणालीस.

"तुझं असून काय करायचंय? मार्क पडले पाहिजेत."

"पर त्यानी इचारलं तर?"

"विचारलं तर हेच सांगायचं. पाठ कर. दीड मिनिटात बसलं पाहिजे."

घड्याळ लावून मी तुझ्याकडून ते म्हणून घेतलं. चुकलीस की पहिल्यापासून. बापूंच्या माघारी माझा शब्द तू मोडला नाहीस, आणि याची मला तेव्हा केवढी ऐट होती.

पुण्याला मीच सोबत आलो. तू आत, मी व्हरांड्यात. वीस मिनिटांनी तू बाहेर आलीस आणि पाणी प्यायला गेलीस. तेवढ्यात समितीतल्या एक पांढऱ्या केसांच्या बाई बाहेर आल्या. "तुम्ही भाऊ का?" मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे. तिकडच्या विद्यापीठाचं पत्र फार चांगलं आहे. पण ती आत जे बोलली ते तिचं नव्हतं. तीनदा विचारलं आम्ही, हा विषय का, तीनदा तेच ऐकवलं, शब्दही न बदलता. या वर्षी नाही देता येणार. पुढच्या वर्षी घेऊन या तिला, पण तिचं स्वतःचं घेऊन या. मी असेन समितीवर." इतकं सरळ बोलल्या. एवढा साधा निकाल मी आयुष्यात दुसरा ऐकला नाही. नापास मी झालो होतो आणि फेरपरीक्षेची तारीखही मिळाली होती.

टेंभुर्णीला बस थांबली. तू उसाचा रस नको म्हणालीस. मग एकदम विचारलंस, "त्या बाई तुला काय म्हणत व्हत्या रे?"

दारातून तू पाहिलं होतंस तर.

मी म्हणालो, "काही नाही. गाव विचारत होत्या. अगं, नावं आधीच ठरलेली असतात यांची. वशिल्याचं काम सगळं. आपलं कोण आहे तिथं?"

बार्शी गेली, येडशी गेली, मुरूड आलं, लातूर आलं. त्या चार तासांत मला केव्हाही तोंड उघडता आलं असतं. मला लाज वाटत होती हे खरं आहे. पण लाजेच्या बुडाशी राग होता, की माझं उत्तर चुकलं असं कुणी म्हणूच कसं शकतं.

आणि माझा सगळ्यात मोठा गुन्हा हा पुण्यातला नाही, टेंभुर्णीचाही नाही. तो पुढच्या जूनमधला आहे. तिकडच्या विद्यापीठानं तुझी जागा एक वर्ष राखून ठेवली होती. तू गावाहून क्लासवर आलीस. प्रवेशांची गर्दी, जिन्यापर्यंत पालकांची रांग. तू त्या रांगेतून वाट काढत माझ्या टेबलापर्यंत आलीस आणि म्हणालीस, "दादा, पुण्याला परत एकदा अर्ज करू का? यंदा बसतंय वयात."

मी मान वर न करता म्हणालो, "कशाला वेळ घालवतेस? वशिल्याशिवाय न्हाई होत ते."

"हाव," म्हणालीस. आणि गेलीस. नऊ महिन्यांनी तुला पंचविसावं सरून गेलं, आणि तुझ्या वहीतल्या त्या रकान्यात तू पुन्हा "न्हाई" लिहिलंस.

नांदेडला तू तासिका तत्त्वावर इतिहास शिकवायला लागलीस. तास होईल तेवढेच पैसे, सुट्ट्यांत तेही नाहीत. माझे बोर्ड लातूरभर लागले, माझ्या फोटोसकट. तू कधी त्यावरून टोमणा मारला नाहीस. रविवारी तुझ्या खोलीवर पोरंपोरी यायची, कुणी मुखेडचं, कुणी देगलूरचं. तुझी ती वही काढून तू त्यांना शिष्यवृत्त्या शोधून द्यायचीस. एकाची फी इथून, दुसरीचं राहणं तिथून, भाडं तिसरीकडून. दर दोन-तीन वर्षांनी एखादं पोर खरंच जायचं. तू त्यांना हैदराबादच्या विमानतळावर सोडायला जायचीस आणि बाहेरूनच परत यायचीस. एकदा मी विचारलं, "तुला वाईट नाही का वाटत गं?" तू म्हणालीस, "वाटतंय की. पर त्यांच्यासमोर न्हाई वाटत." मी विषय बदलला. विषय बदलण्यात माझा हात धरणारा कुणी नाही.

तर परवा. तुझ्या दाराशी पोहोचलो तर पायरीवर रुबिना बसलेली. देगलूरची, तुझी विद्यार्थिनी, स्वाहिली शिकायला मोंबासाला राहून आलेली. मी येणार हे तिला घरमालकांकडून कळलं होतं. माझं सगळं अवसान गेलं. ती म्हणाली, "सर, तुम्ही एकटे कशाला, मी मदत करते." आम्ही दोघांनी कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात मायची वाकळ होती, नीट घडी घातलेली. वर तुझी वही. मी वहीची पानं चाळतोय, फायली उघडतोय, आणि ती बघतेय. शेवटी तिनं विचारलं, "काय शोधायलाव सर?"

"एक जुना कागद होता. निबंधाचा."

"लाल पेनवाला?"

मी हातातली फाईल मिटली.

"तो तर आमच्या सगळ्यांकडं हाय की. झेरॉक्स. मॅडम पहिल्या रविवारी तोच वाटायच्या." आणि तिनं तिच्या पिशवीतून काढून दाखवला. तोच. माझ्या रेघा झेरॉक्समध्ये काळ्या झालेल्या. समासात माझं अक्षर, "अनावश्यक." "आम्ही म्हणायचो, मॅडम, दोन पानं लिहून द्या ना, आम्ही पाठ करतो. तर म्हणायच्या, मला माझ्या दादानं लिहून दिलं होतं, लई झ्याक होतं, म्हणून तर मी ऱ्हायले. आता रेघेखालचं वाचा, आन् तसं सोताचं लिहून आणा."

मी तुझ्या खाटेवर बसलो. किती वर्षांच्या किती पोरांनी ते वाचलं असेल. मी जे पाच माणसांपासून लपवलं ते तू रविवारी रविवारी वाटत होतीस.

रुबिनाला वाटलं मला वाईट वाटलं, म्हणून तिनं मला बरं वाटावं असं आणखी एक सांगितलं. सहा वर्षांपूर्वी औरंगाबादच्या एका चर्चासत्रात ती तुझ्यासोबत होती. तिथं एक पांढऱ्या केसांच्या बाई तुला भेटल्या. त्यांनी तुला ओळखलं आणि म्हणाल्या, "मी तुझ्या भावाला सांगितलं होतं, पुढच्या वर्षी घेऊन ये. का नाही आलीस?"

"मग मॅडम काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"मॅडम म्हणल्या, माय आजारी होती."

अर्जाच्या त्या वर्षी माय ठणठणीत होती, वनू. पुढं चार वर्षं शेतात जात होती.

म्हणजे तुला सहा वर्षांपासून माहीत होतं. सहा भाऊबिजा तू लातूरला आलीस, मला ओवाळलंस, माझ्या बायकोला पोळ्या लाटू लागलीस, पोरांना ते काजूच्या नक्षीचं चित्र काढायला शिकवलंस. आणि त्यातल्या पहिल्या भाऊबिजेला ताट खाली ठेवता ठेवता तू मला म्हणालीस, "दादा, तुला मला काही सांगायचंय का?" मी म्हणालो, "काय?" तू म्हणालीस, "न्हाई, आपलं इचारलं." मला ते विचित्र वाटलं होतं, पण समोर बासुंदी होती. तू दार उघडून धरलं होतंस. मी बासुंदी मागून घेतली.

तू भांडायला हवं होतंस गं. मला शिव्या द्यायच्या, ओवाळायला यायचं नाही, त्या बाईंसमोर माझं नाव सांगायचं. मला सोडून दिलंस म्हणून मला तुझा राग येतो, आणि मग वाटतं की हा रागसुद्धा माझी जुनी खोड आहे, उत्तर चुकलं की दुसऱ्यावर चिडायचं. उपकार म्हणायचे तर तेही तुझेच. माझं खोटं तू मायला कधी कळू दिलं नाहीस. ती त्याच वाकळीखाली गेली, माझ्या अर्थावर विश्वास ठेवून. त्याबद्दल तुझे पाय धरावेत असं वाटतं. लहान बहिणीचे पाय धरता येत नाहीत म्हणून राहिलं, असं म्हणून याही वेळी सुटका करून घेतली असती. पण तसं नाही. मला जमलं नाही, एवढंच.

निघताना रुबिनानं वाकळ उचलून माझ्या हातात दिली. तिचा अंगठा काठावरच्या ओळीवर होता. कापड विटलंय, पण अक्षरं अजून लागतात. ती तिच्या सवयीनं ओठांतल्या ओठांत ते वाचायला लागली आणि हसून म्हणाली, "तुम्हाला तर म्हाईतच असेल, न्हाई का सर? का सांगू?"

"नको," मी जवळजवळ ओरडलो. बिचारी दचकली. तिला काय सांगणार, की ही ओळ मला दुसऱ्या कुणाकडून ऐकायची नाही. माझा मुलगाही काल म्हणाला, "बाबा, फोन धरा त्याच्यावर, सेकंदात मराठीत सांगतो." त्यालाही रागावलो.

वाकळ आत्ता माझ्या मांडीवर आहे. तू गिरवून गिरवून पहिली चार अक्षरं जरा जास्तच पुसट केलीयेस. मी बोट ठेवून बघितलं. तालुक्यात इंग्रजीला पहिला आलेला मी, लातूरभर बोर्ड असलेला. इथं आता शेजारच्या बाया नाहीत, माय नाही, कुणी बघत नाही.

वने, काय लिव्हलंय गं? मला न्हाई येत वाचता.